काढून टाकायचे टाके : इच्चिकु कुबोता यांची रंगाई

शिंप्याकडे कोट किंवा ब्लाउज पहिल्यांदा अंगाला लावून पाहायला गेलात, की त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके दिसतात. त्यांना आपण कच्चे टाके म्हणतो. माप बरोबर आले की पक्की शिलाई मारली जाते आणि कच्चा दोरा ओढून टाकला जातो. तयार कपड्यात त्याचा मागमूस राहत नाही. या लेखात आपण अशा एका कलावंताचे काम पाहणार आहोत, ज्याने आयुष्यभर हजारो टाके घातले ते काढून टाकण्यासाठीच. मात्र त्याच्या कापडावर त्या टाक्यांचा माग राहतो, आणि तो मागच त्याचे चित्र असते.

या कलावंताचे नाव इच्चिकु कुबोता. जन्म १९१७, टोकियो, मृत्यू २००३. जपानमध्ये सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी मागे पडलेली 'त्सुजिगाहाना' नावाची रंगाईची पद्धत पुन्हा हाताशी आणण्यासाठी त्यांनी जवळजवळ सगळे कर्तेपण खर्च केले. मी वस्त्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रंगाई शिकवते. कलेच्या इतिहासाचा माझा अधिकार नाही. तरीही दरवर्षी रेशमाच्या रंगाईचा भाग आला की मी कुबोतांची गोष्ट सांगते, कारण त्यांच्यापुढे होता तसा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या पुढे नोकरीत येणार आहे. नमुना समोर आहे, पण तो बनवायची कृती कोणालाच माहीत नाही. अशा वेळी काय करायचे?

रंग अडवायचा कसा

कापडाच्या एका भागाला रंग लागावा आणि शेजारच्या भागाला लागू नये, असे वाटत असेल तर रंग कुठेतरी अडवावा लागतो. याला रेझिस्ट पद्धतीची रंगाई म्हणतात. अडवण्याचे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे कापडावर काहीतरी थापणे. बाटिकमध्ये मेण असते, राजस्थानातल्या दाबू छपाईत माती असते. दुसरा मार्ग म्हणजे कापडालाच आवळणे. कच्छ आणि जामनगरची बांधणी, राजस्थानचा लहरिया, मदुराईची सुंगुडी ही सगळी आवळण्याची उदाहरणे. बांधणीत नखाने किंवा बोटांनी कापडाचे टोक उचलतात आणि त्याला दोरा गुंडाळतात. रंगवून सोडले की त्या जागी बारीक पांढरा ठिपका किंवा कडे उरते.

बांधण्याला एक मर्यादा आहे. दोरा गुंडाळून मिळतो तो ठिपका, वर्तुळ किंवा पट्टा. पानाची कड, डोंगराची रेघ, फुलाची पाकळी हे आकार हवे असतील तर ठिपक्यांच्या रांगा मांडून ते सुचवावे लागतात. इथे सुई कामाला येते. पानाच्या कडेने साधा धावदोरा घालायचा, म्हणजे आपल्या आजीने गोधडीला घातलेला तोच टाका. मग दोरा ओढून सगळी कड एका ठिकाणी चुणीत गोळा करायची आणि घट्ट गाठ मारायची. आता कापड रंगात गेले की चुणीच्या आत रंग पोचत नाही. सोडल्यावर पानाची कड पांढरी राहते. जपानमध्ये आवळून केलेल्या सर्व रंगाईला शिबोरी म्हणतात आणि टाका घालून केलेल्या प्रकाराला नुई-शिबोरी. 'नुई' म्हणजे शिवणे. टाका सरळ घातला, घडीवर घातला किंवा घडीच्या कडेवरून गुंडाळत नेला, तर प्रत्येक वेळी वेगळी रेघ मिळते. धावदोऱ्याच्या समांतर रांगा घालून ओढल्या तर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी येते. तिला 'मोकुमे' म्हणतात. मोठा भाग पांढरा ठेवायचा असेल तर त्याभोवती टाका घालून तो भाग आवळतात आणि वर टोपी चढवावी तसे काहीतरी न भिजणारे गुंडाळतात. पूर्वी त्यासाठी बांबूच्या कोंबावरचे आवरण वापरत. आता प्लास्टिक चालते.

त्सुजिगाहाना हा या नुई-शिबोरीवर उभा राहिलेला प्रकार. त्याचा बहराचा काळ पंधरावे-सोळावे शतक आणि सतराव्याची सुरुवात. टाक्यांनी अडवून रेशमावर फुले-पाने उमटवायची, आणि मग त्यांच्या शिरा आणि सावल्या काळ्या शाईच्या बारीक कुंचल्याने भरायच्या. कधी सोन्याचांदीचा वर्खही लावत. तोयोतोमी हिदेयोशी आणि तोकुगावा इएयासु या सत्ताधीशांचे असे कपडे आजही जपानी संग्रहालयांत आहेत. नावातल्या 'त्सुजि'चा अर्थ चौरस्ता आणि 'हाना'चा फूल. हे नाव या कापडाला का पडले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सतराव्या शतकात कापडाची आवड बदलली, आणि शतकाच्या अखेरीस क्योतोत यूझेन नावाची सोपी पद्धत रुळली. मग हे वेळखाऊ काम कोण करणार? पद्धत थांबली. राहिले ते काही कपडे, आणि देवळांना दान दिलेल्या वस्त्रांचे तुकडे.

चौदाव्या वर्षी यूझेन, विसाव्या वर्षी एक तुकडा

योगायोग असा, की ज्या यूझेनने त्सुजिगाहानाची जागा घेतली, त्याच यूझेनच्या कारागिराकडे कुबोता चौदाव्या वर्षी उमेदवारीला लागले. यूझेन म्हणजे थापून अडवण्याची पद्धत. चिकट तांदळाच्या पिठाची आणि कोंड्याची लापशी कागदाच्या कोनात भरायची आणि कोन दाबत कापडावर रेघ ओढायची. मेंदी काढताना पाहिलेत ना, अगदी तसेच. रेघ सुकली की तिच्या आतबाहेर कुंचल्याने वेगवेगळे रंग भरता येतात. लापशीच्या बांधामुळे ते एकमेकांत मिसळत नाहीत. मनात येईल ते चित्र काढता येते आणि कड स्वच्छ मिळते. अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर यूझेन सरसच म्हणायला हवी. अचूक आहे, तुलनेने जलद आहे, आणि परत परत तशीच करता येते.

विसाव्या वर्षी कुबोतांनी टोकियोच्या संग्रहालयात त्सुजिगाहानाचा एक लहानसा तुकडा पाहिला. आयुष्याची दिशा त्या तुकड्याने ठरवली, असे ते पुढे सांगत असत. सहा वर्षे यूझेन केलेल्या तरुणाला त्यात नवे काय दिसले असेल? यूझेनची रेघ कापडाच्या पृष्ठभागावर असते. टाक्याने अडवलेल्या रेघेला कड अशी नसतेच. रंग पांढऱ्यात विरत जातो, मध्येच एखादा थेंब आत शिरलेला असतो, आणि चुणीच्या खुणा कापडात राहिल्याने पृष्ठभाग थोडा वर-खाली होतो. चित्र कापडावर काढलेले न वाटता कापडातूनच आलेले वाटते. निदान मला तरी शिबोरीचा चांगला नमुना हातात घेतल्यावर असे वाटते.

तुकडा पाहून लगेच काही करता आले नाही. दुसरे महायुद्ध आले. कुबोता सैन्यात गेले, पकडले गेले आणि सैबेरियात सोव्हिएत युद्धकैदी म्हणून राहिले. तिथले सूर्यास्त त्यांच्या मनात बसले. कित्येक वर्षांनी ते रेशमावर उतरले. सुटून परत आल्यावर ते पुन्हा यूझेनच्या कामाला लागले. त्सुजिगाहानाचा पूर्णवेळ ध्यास त्यांनी घेतला तो चाळिशीत. स्वतःला पसंत पडेल अशा कामाचे पहिले प्रदर्शन भरले १९७७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी. तुकडा पाहिल्यापासून ४० वर्षे झाली होती.

कापडच नाही

इतकी वर्षे का लागली? 'चिकाटी' असे उत्तर देऊन आपण सुटू शकत नाही. अडचण तांत्रिक होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

जुना त्सुजिगाहाना 'नेरिनुकी' नावाच्या रेशमावर होत असे. रेशमाच्या कोशातून निघालेल्या धाग्यात दोन पदार्थ असतात. आत फायब्रोइन, हा खरा तंतू. त्याच्याभोवती सेरिसिन, हा डिंकासारखा थर. कच्च्या रेशमाच्या वजनात सेरिसिन सुमारे २० ते २५ टक्के असते. साबणाच्या गरम पाण्यात उकळले की सेरिसिन निघते आणि रेशीम मऊ, चकचकीत होते. याला डिगमिंग म्हणतात. नेरिनुकीत ताणा कच्च्या रेशमाचा असतो आणि बाणा डिगम केलेल्या रेशमाचा. त्यामुळे कापडाला बाण्याची झळाळी मिळते आणि ताण्याचा ताठपणाही. पातळ पण कडक कापड, कागदासारखी घडी धरणारे. टाका ओढला की त्याच्या चुण्या तीक्ष्ण पडतात आणि एकमेकींवर दाबून बसतात.

कुबोतांच्या काळात हे कापड विणलेच जात नव्हते. म्हणजे नमुन्यात दिसणारा परिणाम ज्या गुणावर अवलंबून होता, तो गुणच बाजारात नव्हता. त्यांना मिळत होते ते चिरिमेन, म्हणजे रेशमी क्रेप. क्रेपच्या बाण्याला प्रचंड पीळ दिलेला असतो, काही धाग्यांना उजवा, काहींना डावा. कापड गरम पाण्यातून काढले की पीळ उलगडू पाहतो, कापड आकसते आणि अंगावर बारीक सुरकुती येते. जॉर्जेटची साडी हातात घेऊन पाहा. तिच्यातही हेच तत्त्व आहे. क्रेप मऊ, लवचिक आणि जड असते. त्याची चुणी ताठ बसत नाही, स्प्रिंगसारखी उघडू पाहते.

दुसरी अडचण रंगाची. जुने काम वनस्पतिज रंगांचे, मोजक्या छटांचे आणि बुडवून केलेले. कुबोतांच्या डोळ्यांपुढे सूर्यास्त होता. केशरी, जांभळा, राखाडी, आणि एकाचा दुसऱ्यात विरघळत जाणारा प्रवास. त्यासाठी एकावर एक अनेक थर हवेत. प्रत्येक थराला कापड रंगात बुडवायचे, तर आधी जपलेला पांढरा भाग कुठेतरी मार खाणारच.

मग त्यांनी काय केले? कापड बदलले तसे बाकी सगळेही बदलले. वनस्पतिज रंगांऐवजी आधुनिक कृत्रिम रंग घेतले. बुडवण्याऐवजी टाक्यांनी आवळलेल्या भागांवर कुंचल्याने रंग लावला. रंग वाफेने पक्का केला. नेरिनुकी परत विणून घेणे आणि जुन्या कृतीची बरहुकूम नक्कल करणे हा मार्ग त्यांनी धरला नाही. आणि हे लपवलेही नाही. आपल्या पद्धतीला त्यांनी स्वतःचे नाव जोडले : 'इच्चिकु त्सुजिगाहाना'. काही जण म्हणतील, मग ही त्सुजिगाहाना नव्हेच. शब्दशः पाहिले तर खरे आहे, आणि नावातला बदल ते मान्य करतो. पण जुन्या वस्तूचा कोणता गुण आपल्याला हवा आहे हे ठरवून तो वेगळ्या साधनांनी मिळवणे, याला मी नक्कल करण्यापेक्षा अवघड काम समजते. नक्कल करणाऱ्याच्या हाताशी निदान उत्तरपत्रिका असते.

दाबलेल्या चुणीत रंग का शिरत नाही

आता थोडे शास्त्र. शिवून आवळलेली चुणी जलाभेद्य नसते, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. पाणी आत जातेच. प्रश्न फक्त किती वेगाने जाते याचा आहे.

कापडात ओल पसरते ती धाग्यांमधल्या आणि तंतूंमधल्या केसासारख्या बारीक पोकळ्यांतून. अशा पोकळीत द्रव किती आत जाईल याचे सूत्र लुकस आणि वॉशबर्न यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचा सारांश असा : ओलीने कापलेले अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या मिनिटात ओल १ मिलिमीटर गेली असेल तर २ मिलिमीटरला ४ मिनिटे आणि ३ मिलिमीटरला ९ मिनिटे लागतील. तेच अंतर पोकळीच्या त्रिज्येच्या वर्गमुळावरही अवलंबून असते. चुणी दाबून पोकळी पाव केली, तर तेवढ्याच वेळात ओल निम्म्याच अंतरावर पोचते. शिवाय बारीक पोकळीत मावणारा रंगही कितीतरी कमी. म्हणून चुणीच्या तोंडाशी गडद, आत फिकट, आणि गाभ्यात पांढरे, असा उतार मिळतो. शिबोरीच्या रेघेची जी मऊ कड आपल्याला सुंदर वाटते, ती म्हणजे हा उतार.

पण रंग कापडावर पोचणे आणि तंतूत बसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रेशमाला सर्रास ज्या वर्गातले रंग देतात त्यांना आम्लरंग म्हणतात. फायब्रोइनमध्ये अमिनो गट असतात. आम्ल माध्यमात त्यांच्यावर धन भार येतो, रंगाच्या रेणूवर ऋण भार असतो, आणि दोघे एकमेकांना धरतात. मात्र रेणू तंतूच्या आत शिरायला तंतू फुगावा लागतो. त्याला उष्णता आणि ओलावा लागतो, आणि वेळ लागतो. आता पेच पाहा. वेळ दिला नाही तर रंग पक्का होत नाही. जास्त वेळ दिला तर रंग चुणीच्या आत सरकत जातो. उकळत्या रंगाच्या भांड्यात हे दोन्ही एकदमच घडते. कुंचल्याने मोजका रंग लावून मग वाफ देण्यात शहाणपण आहे ते इथे. वाफेत उष्णता आणि तंतू फुगण्यापुरता ओलावा मिळतो, पण वाहून नेणारे मोकळे पाणी फार थोडे असते. रंग जिथे ठेवला तिथेच आत शिरतो.

हे सगळे फळ्यावर लिहून देणारी मी स्वतः एकदा चांगलीच फसले आहे. एका बॅचला मी नुई-शिबोरीचा छोटा प्रकल्प दिला होता. एका विद्यार्थिनीने हातभर रेशमावर पिंपळाची पाने शिवली. रोज संध्याकाळी वसतिगृहात बसून आठवडाभर टाके घालत होती. रंगाई झाली, रंग सुंदर चढला. पाहण्याची घाई तिच्याइतकीच मलाही. मी म्हटले, कोपऱ्यातली दोन पाने सोडून तर बघू. कापड अजून नीट खळबळले नव्हते. तंतूंना न चिकटलेला रंग पाण्याबरोबर चुणीच्या तोंडाशी होता. दोरा कापून चुणी उघडली, आणि आमच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या पानात निळा रंग पसरत गेला. अर्ध्या मिनिटाचे काम. आठवड्याच्या टाक्यांना पूर्ववत करण्याचा कोणताही उपाय माझ्याकडे नव्हता. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी नवे कापड मागायला आली. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत माझा नियम आहे : धुण्याचे पाणी स्वच्छ निघेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही.

कुबोतांच्या कामातला धोका यावरून मोजता येतो. एका कापडावर शिवा, रंगवा, वाफवा, धुवा, सोडा ही साखळी एकदाच होत नाही. ती पुन्हा पुन्हा होते. प्रत्येक फेरीत मागच्या सर्व फेऱ्या पणाला लागलेल्या असतात.

एका किमोनोचा प्रवास

किमोनोचे कापड साधारण ३६ सेंटिमीटर पन्ह्याचे आणि १२ मीटर लांबीचे असते. ते सरळ पट्ट्यांत कापून जोडतात. आपल्या शर्टासारखी वळणदार बेतणी त्यात नसते. कुबोतांना सगळ्या अंगभर पसरलेला डोंगर किंवा तळे हवे होते, म्हणजे चित्र शिलाईवरून सलग जायला हवे. म्हणून आधी पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडून किमोनोचा आकार करायचा, त्यावर चित्र आखायचे, मग टाके उसवून पट्ट्या सुट्या करायच्या. कच्चे टाके इथे पहिल्यांदा येतात.

आखणीसाठी निळ्या रंगाचा एक रस वापरतात, 'आओबाना'. तो एका रानफुलाचा असतो आणि पाण्याने पूर्ण धुऊन जातो. ते फूल ज्या कुळातले, त्याच कुळातला आपल्याकडचा केना. श्रावणात भाजीला येतो, बांधावर उगवतो, निळी नाजूक फुले येतात. पुढच्या वेळी दिसला तर एक पाकळी कागदावर चोळून पाहा.

आखणी झाली की टाके. एकेक रेघ शिवायची, ओढायची, आवळायची, गुंडाळायची. शिवलेली पट्टी मुठीएवढ्या गाठींची माळ होऊन बसते. चित्र दिसतच नाही. पुढचे सगळे रंगकाम या गाठींवर, आतले चित्र डोक्यात ठेवून. मग वाफ, धुणे, सुकवणे, सोडणे. इस्त्री करताना सुरकुत्या पार घालवत नाहीत, थोड्या ठेवतात. नंतर पुन्हा टाके, पुन्हा रंग. शेवटी शाईची बारीक रेखाटणे, कुठे भरतकाम, कुठे सोन्याचा वर्ख. मग पट्ट्या कायमच्या शिवल्या जातात. एका किमोनोला सुमारे वर्ष लागते.

काम वाढले तसे सहायक आले, कार्यशाळा उभी राहिली. रंगाच्या बाबतीत हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण टाका ही हाताची सही असते. एकाच चित्रात दोन माणसांनी टाके घातले तर ओढ वेगळी, अंतर वेगळे, आणि रंग आत शिरण्याचे प्रमाणही वेगळे. दहा हातांनी घातलेल्या टाक्यांचा एकच सूर लावणे हे चित्रकाराइतकेच उत्पादन-अभियंत्याचेही काम आहे.

त्यांनी पुढे घेतलेला घाट पाहिला की हे आणखी पटते. 'सिम्फनी ऑफ लाइट' नावाची ८० किमोनोंची मालिका त्यांनी आखली. ओळीने टांगलेले किमोनो, बाह्या पसरलेल्या, आणि एकावरचे निसर्गदृश्य शेजारच्यावर सलग चालत जाणारे; ऋतू बदलत जातात तसे रंग बदलत जातात. आता विचार करा. एका किमोनोची उजवी कड आणि पुढच्याची डावी कड वेगवेगळ्या वेळी रंगवली आहे. कापडाचा ठाण वेगळा, आकसण्याचे प्रमाण वेगळे, हवेतला दमटपणा वेगळा, टाके घालणारे हात वेगळे. तरी क्षितिजाची रेघ जुळली पाहिजे आणि आभाळाची छटाही. कापड गिरणीत एकाच रंगाच्या दोन लॉटची छटा जुळवताना आमचे माजी विद्यार्थी मेटाकुटीला येतात, आणि तिथे तर संगणकावर रंग मोजणारे यंत्र हाताशी असते. ही मालिका कुबोतांच्या हयातीत पुरी झाली नाही. ते गेले तेव्हा ठरवलेल्यातले बरेच किमोनो व्हायचे होते. त्यांच्या कार्यशाळेने काम पुढे चालू ठेवले.

फुजी पर्वताजवळच्या कावागुची तळ्याकाठी त्यांच्या कामाचे संग्रहालय १९९४ मध्ये उघडले. १९९५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात त्यांचे किमोनो मांडले गेले. किमोनो आणि नैसर्गिक इतिहास? मला सुरुवातीला हसू आले होते. नंतर त्या किमोनोंची छायाचित्रे पाहिली. धुके, बर्फ, पाण्यावरचा उजेड. जागा चुकली नव्हती.

करून पाहा

वाचून शिबोरी कळत नाही. पुढचा प्रयोग वसतिगृहाच्या खोलीतही होतो. जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे, कांजी धुऊन काढलेले, वीतभर लांबीरुंदीचे तीन चौकोन घ्या. पॉलिस्टर चालणार नाही. प्रत्येकावर पेन्सिलीने एकाच मापाचे पान काढा. दोरा दुहेरी आणि मजबूत घ्या, टोकाला मोठी गाठ मारा. पहिल्या पानाच्या कडेने २ मिलिमीटर अंतराचा धावदोरा, दुसऱ्याला ५ मिलिमीटरचा, तिसऱ्याला १० मिलिमीटरचा. कापड आधी पाण्यात भिजवून पिळा आणि मगच दोरा ओढा. ओल्या कापडाच्या चुण्या जास्त घट्ट बसतात, आणि पोकळ्यांत आधीच पाणी असल्याने रंगाला आत ओढून घेणारा जोर उरत नाही. पक्की गाठ मारा.

रंग म्हणून स्वयंपाकघरातली हळद पुरेशी आहे. दोन चमचे हळद अर्ध्या लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळा, गाळा, चौकोन त्यात पाच मिनिटे ठेवा. बाहेर काढून थंड पाण्यात खळबळत राहा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. साबण लावू नका. हळद साबणाच्या अल्कलीत लाल होते, कुंकू चुन्यामुळे होते तशीच. हळदीचा रंग उन्हात उडतो, त्यामुळे नमुने वहीत ठेवा.

दोरा कापताना कापडाला कात्री लागू देऊ नका. तिन्ही पाने शेजारी मांडून कड किती रुंद आली ते पट्टीने मोजा, पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या. मग आणखी एक चौकोन २ मिलिमीटरच्याच टाक्याने शिवा, पण हळदीत पाचऐवजी वीस मिनिटे ठेवा. वॉशबर्नच्या सूत्राप्रमाणे रंगाची आत घुसलेली खोली दुप्पट व्हायला हवी. होत नाही, आणि का होत नाही याचा एक धागा वर भिजवलेल्या कापडाच्या सूचनेत दडलेला आहे. तुमची कारणे आकड्यांसह लिहून काढा. आणि उजेडासमोर धरून पाहा : दोरा निघून गेला तरी सुईची भोके रांगेने दिसत असतील.